वाँटेज ते केडगाव : पंडिता रमाबाईंच्या विश्वासाचे एक प्रकरण

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून पंडिता रमाबाईंची कथा सांगितली जाते तेव्हा ती बहुधा सरळ रेषेत चालते. शास्त्र्यांची कन्या, दुष्काळात पोरकी झालेली, संस्कृतच्या व्यासंगाने कलकत्ता गाजवणारी, ऐन तारुण्यात विधवा झालेली, इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेली आणि शेवटी पुण्याजवळच्या केडगावला निराधार स्त्रियांसाठी 'मुक्ती' हे सदन उभारणारी. बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. रमाबाई स्वतः ज्याला ख्रिस्ताची खरी ओळख म्हणतात ती त्यांना १८९१ च्या सुमारास झाली. मधली आठ वर्षे उपदेशात एका वाक्यात उरकली जातात, कारण त्या वर्षांतल्या रमाबाई उपदेशाच्या सोयीच्या नाहीत. त्या प्रश्न विचारतात, वरिष्ठांना खरमरीत पत्रे लिहितात आणि विश्वासांगीकारातली, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरीव घोषणेतली, काही कलमे आपल्याला पटलेली नाहीत असे स्पष्ट सांगतात. प्रस्तुत लेखात ती आठ वर्षे मध्यभागी ठेवली आहेत. त्यांच्या अलीकडचा आणि पलीकडचा दुष्काळ त्यांच्यावर प्रकाश टाकतो तेवढाच घेतला आहे. त्यासाठी मुख्य आधार दोन. एक, रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आत्मसाक्ष. दुसरा, त्यांचा आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार, जो सिस्टरांनी जपून ठेवला आणि जो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

आत्मसाक्ष घटनांनंतर पुष्कळ वर्षांनी, सर्व काही एका अर्थाने जुळून आल्यावर लिहिलेली आहे. पत्रे त्या त्या दिवशीची आहेत. विश्वासाविषयीच्या बहुतेक साक्षी आपण पहिल्या प्रकारच्या ऐकतो आणि म्हणून संशयाचा काळ आपल्याला नेहमी पार पडलेल्या अवस्थेतच भेटतो. इथे दोन्ही प्रकारची कागदपत्रे उपलब्ध आहेत, हे या प्रकरणाचे मोठे मोल आहे.

बाजरीची भाकरी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते आणि त्यासाठी धर्मसभेपुढे जाब देण्याची तयारी दाखवली होती. पुढे घर मोडले, कुटुंब तीर्थाटनाला निघाले, आणि देवळांतून पुराणे सांगून मिळणाऱ्या दक्षिणेवर वर्षानुवर्षे निर्वाह होत राहिला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला कोणी उरले नाही. अंगमेहनतीचे काम या कुटुंबाने कधी केले नव्हते आणि भीक मागणे त्यांना शक्य नव्हते. शास्त्रात सांगितलेला मार्ग त्यांना ठाऊक होता: जप, उपवास, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजन, दान. जवळचा पैसा त्यांनी या मार्गावर खर्च केला. तो सरल्यावर दागिने, भरजरी वस्त्रे आणि शेवटी तांब्यापितळेची भांडी विकली, आणि अखेर तांदळाचा शेवटचा दाणा संपल्याचा दिवस उजाडला. त्यानंतर अकरा दिवस आणि रात्री रानातली पाने, पाणी आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्याचे रमाबाई सांगतात.

अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले होते. मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखवल्यावर तो बेत मागे पडला, पण शरीर थकले होते. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या रमेला जवळ घेतले आणि मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असे सांगितले. त्यानंतर काही काळातच आई गेली, रायचूरला. शेवटच्या दिवसांत तिला काहीतरी खावेसे वाटत होते, म्हणून रमाबाई शेजारच्या ब्राह्मण घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. दारात उभ्या राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून आणि नाकातून धारा लागल्या, आणि त्या घरच्या बाईने न मागताच ओळखून भाकरी दिली. आईला ती खाता आली नाही. तिला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, भाऊ तिसरा, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी असल्यामुळे त्यांना तिरडीचा आपला कोपरा डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही गेली.

या संकटाने रमाबाईंच्या मनात नेमका कशाविषयी संशय उत्पन्न केला, हे काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. देव नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. त्यांचा विश्वास उडाला तो एका व्यवहारावरून: इतके जप, इतके दान, इतके उपवास, आणि त्या बदल्यात अन्न. तो व्यवहार त्यांच्या आईवडिलांनी आपल्या बाजूने पूर्णपणे पाळला होता. भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि त्या तरीही तीर्थे करीत पायी भटकतच राहिली, काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून रात्र काढावी लागली. नित्याची व्रते सुटत गेली, आणि १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली तेव्हा जुन्या कर्मकांडावरचा भरवसा जवळजवळ संपला होता. त्या शहराने रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथे एका ख्रिस्ती मेळाव्यात लोक गुडघे टेकून खुर्च्यांकडे तोंड करून प्रार्थना करताना त्यांनी पाहिले आणि हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असा त्यांचा समज झाला! ख्रिस्ती धर्माशी झालेली ही सुरुवातीची भेट पुढच्या कथेच्या मानाने फारच गमतीची आहे.

१८८० साली ढाक्याला भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी पटकीने गेले. वयाची चोविशी पुरी होण्याआधी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सर्व गेले होते आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. सिल्चरच्या घरात पतीच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आलेली होती, एवढाच धागा पुढे जातो.

वाँटेज

पुण्याला परतल्यावर रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, इंग्रजी आणि नवा करार एकाच वेळी शिकायला घेतला, आणि ख्रिस्ती झालेले मराठी पंडित फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी त्यांची चर्चा सुरू झाली. १८८३ मध्ये त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो विचार पुढे सोडावा लागला. वाँटेजच्या कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातला आपला आश्रम दाखवला. समाजाने टाकलेल्या, 'पतित' म्हटल्या गेलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या आणि त्यांच्याशी कोणी तुच्छतेने वागत नव्हते. हे कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची (येशू एका परक्या, बोल लागलेल्या स्त्रीशी बोलतो ती) कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्यांना बाप्तिस्म्याकडे नेणारी मुख्य गोष्ट ही होती. गोऱ्ह्यांच्या लेखनाने बुद्धीची वाट मोकळी केली होती, पण पाऊल पडले ते या आश्रमामुळे. थोडक्यात, रमाबाईंनी ख्रिस्ताची करुणा आधी स्वीकारली; ख्रिस्ताविषयीची सर्व शिकवण स्वीकारणे बाकी होते.

बाप्तिस्म्याच्या थोडेच आधी त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याला बळाने ख्रिस्ती करतील या भीतीने त्यांना ग्रासले होते. आमच्याकडच्या चरित्रांतून ही घटना फार घाईने सांगितली जाते. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यामागे उभा असलेला हा मृत्यू लक्षात घेतला, की त्यानंतरच्या पत्रांत 'माझ्या विवेकावर कोणाची सत्ता नाही' हा सूर इतका तीव्र का, ते समजते.

पत्रव्यवहारातला वाद १८८५ साली टिपेला पोचला. त्या वेळी रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. त्र्यैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवण, ख्रिस्ताचे देवत्व, पुनरुत्थान यांविषयी त्यांना प्रश्न होते. अथानासियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार म्हणायला त्या तयार नव्हत्या. बायबलात मला जे दिसते ते मी मानीन, चर्चच्या परंपरेने त्यावर चढवलेले मी तपासल्याशिवाय मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १२ मे १८८५ च्या पत्रात त्या लिहितात की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने नुकतीच सुटले आहे, आणि पाद्र्यांकडून जे येईल ते परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलेच दुसरे जोखड मानेवर घ्यायची माझी सध्या तयारी नाही.

सिस्टर जेराल्डीन यांनी या सगळ्याचे निदान केले ते अहंकार असे. पत्रांतून गर्व, हट्ट, आज्ञाभंग हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. रमाबाई अंडे घातलेले पक्वान्न खात नाहीत, यातही त्यांना ब्राह्मणी गर्वाचा अवशेष दिसला. क्रूसावरचा लेख लॅटिनऐवजी संस्कृतात असावा, ही रमाबाईंची मागणीही याच खात्यात जमा झाली. बिशपांनी, एका भारतीय बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे मत दिले आणि त्यावरून आणखी ठिणग्या उडाल्या. मनोरमेला धर्मशिक्षणाची कोणती प्रश्नोत्तरे पाठ करायला लावायची यावरून तर आई आणि सिस्टर यांच्यात उघड संघर्ष झाला. ज्या शिकवणीविषयी माझे स्वतःचे समाधान नाही ती माझ्या मुलीच्या तोंडी घालू नका, असे आईचे म्हणणे होते.

जेराल्डीन यांना खलनायिका ठरवणे मात्र सोपे आणि चुकीचे होईल. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणत. मनोरमा बराच काळ त्यांच्याच देखरेखीखाली वाढली आणि त्यांनी तिला माया लावली. त्यांची खरी अडचण अशी की संशय आणि शिस्तभंग यांत त्यांना फरक करता येत नव्हता. प्रश्न विचारणारी व्यक्ती आधी नम्र व्हावी, मग उत्तर आपोआप पटेल, हा त्यांचा क्रम होता. अनेक पाळक आजही याच क्रमाने जातात. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा क्रम वेगळा होता: त्यांनी रमाबाईंचे आक्षेप आक्षेप म्हणूनच घेतले, त्यांना लांबलचक उत्तरे दिली, आणि या बुद्धीला दटावून काही साधणार नाही हे जेराल्डीन यांनाही समजावण्याचा प्रयत्न केला. माझ्या मते रमाबाई या काळात ख्रिस्ती राहिल्या याचे काही श्रेय बील यांना दिले पाहिजे, कारण ज्या घरात प्रश्न विचारता येतो ते घर सोडून जाण्याची गरज पडत नाही.

फादर गोऱ्हे यांचे उदाहरण याच जागी आठवते. काशीच्या मराठी ब्राह्मण कुटुंबात वाढलेले नीळकंठशास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले, मोठमोठ्या पंडितांना निरुत्तर करणारे ग्रंथ त्यांनी लिहिले, आणि तरीही स्वतःच्या विश्वासाविषयीच्या शंकांनी त्यांना जवळजवळ आयुष्यभर छळले. ज्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंसारखी विदुषी ख्रिस्ताकडे वळली, त्यांच्या स्वतःच्या मनाला त्याच युक्तिवादाने पुरती विश्रांती दिली नाही. युक्तिवाद खोटा होता असा याचा अर्थ नव्हे. पण विश्वास टिकतो तो केवळ त्याच्यावर, असे मानणाऱ्याने गोऱ्ह्यांचे आयुष्य नीट पाहावे.

मग या वर्षांत रमाबाईंचे काय टिकले होते? पत्रांतून तीन गोष्टी सतत दिसतात. त्या बायबल वाचत राहिल्या, वाद घालण्यासाठी का होईना. त्या प्रार्थना करीत राहिल्या; ज्याच्याविषयी प्रश्न आहेत त्याच्याशी बोलणे त्यांनी थांबवले नाही. आणि हिंदुस्थानातल्या विधवांसाठी काम करायचे हा निश्चय एकदाही डळमळला नाही. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे व्याख्याने दिली, आणि १८८७ च्या अखेरीस बोस्टनला स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. विश्वासांगीकारातली सर्व कलमे पटलेली नसताना हे काम उभे राहिले, हे मुद्दाम नमूद करायला हवे.

१८९१ च्या अनुभवाविषयी त्या आत्मसाक्षीत लिहितात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. चेल्टनहॅमला विचारलेल्या एकेका प्रश्नाचे उत्तर आता मिळाले, असे त्या तिथे म्हणत नाहीत. प्रश्नांची ती यादी बाजूला राहते आणि दुसराच विषय पुढे येतो: स्वतःचे पाप, स्वतःची असमर्थता, आणि काही न देता मिळणारी क्षमा. 'काही न देता' हे त्या तीन शब्दांत सांगून पुढे जातात. पण ज्या मुलीने आईवडिलांना शेवटचे भांडे विकून दान करताना पाहिले, तिला या तीन शब्दांचा अर्थ वाँटेजच्या कोणत्याही सिस्टरपेक्षा जास्त कळला असला पाहिजे.

पुन्हा दुष्काळ

पुण्यातल्या १८९३ च्या वादाविषयी थोडक्यात सांगतो. शारदा सदन एव्हाना मुंबईहून पुण्याला आलेले होते, आणि ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे सांगितलेले होते. रमाबाई आपली प्रार्थना उघड्या दाराने करीत आणि मुली येऊन बसत. त्यावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालक मुलींना घेऊन गेले. पालकांची तक्रार निराधार होती असे मला म्हणता येत नाही. रमाबाईंच्या बाजूने एवढेच, की दार बंद करून विश्वास ठेवायला त्या तयार नव्हत्या.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १८९६ साली लोणावळ्याच्या एका प्रार्थनामेळाव्यात, आपल्याबरोबरच्या विश्वास ठेवलेल्या पंधरा मुलींकडे पाहून रमाबाईंच्या मनात आले की ही संख्या पंधरा पट व्हावी, म्हणजे दोनशे पंचवीस. त्यांनी ते देवाकडे मागितले. मागणी भलतीच आहे असेही त्यांना वाटले, तेव्हा यिर्मयाच्या ग्रंथातले, 'मला असाध्य असे काही आहे काय' हे परमेश्वराचे वचन त्यांनी धरून ठेवले. काही महिन्यांतच मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या.

दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. त्या स्वतः गेल्या. दुष्काळी कामांच्या ठिकाणी आणि धर्मशाळांच्या आसपास मुलींची खरेदीविक्री चाललेली त्यांनी पाहिली, हाडांचे सापळे झालेल्या, अंगभर फोड आलेल्या मुली गोळा केल्या, आणि सुमारे तीनशे जणींना आणले. सर्व वाचल्या नाहीत. पुण्यात प्लेगची साथ आणि तिचे निर्बंध असल्यामुळे इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना पुण्यापासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर, रेल्वेमार्गावरच्या केडगावच्या शेतावर हलवण्यात आले. ती जमीन फळबागेसाठी घेतलेली होती. तिथे झोपड्या आणि छपरे उभारली गेली. १८९८ साली 'मुक्ती'ची रीतसर स्थापना झाली. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षांची हमी संपली. म्हणजे खाणारी तोंडे कैक पटींनी वाढली आणि ठरलेले उत्पन्न थांबले. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून मुली आल्यावर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी आटत चालल्या होत्या. मुक्तीच्या विहिरींतले पाणी संध्याकाळपर्यंत तळाला जाई आणि सकाळी पुन्हा पुरेसे झिरपलेले असे, अशी नोंद रमाबाईंनी मित्रांना पाठवलेल्या वृत्तांतात केली आहे. आमच्या प्रार्थनासभांतून हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगतात. त्याच वृत्तांतात नवीन विहिरी खणण्याचे कामही आहे, ते सांगायचे मात्र राहते. केडगावला शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, आणि यांतली बहुतेक कामे मुलीच करीत.

या टप्प्यावर एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. दोनशे पंचवीसची मागणी आणि अनंतशास्त्र्यांचे जपदान यांत फरक काय? दोन्हीकडे देवाकडे काही मागितलेले आहे, दोन्हीकडे संख्या आहे, दोन्हीकडे दुष्काळ आहे. रमाबाईंची मागणी पुरी झाली आणि त्यांच्या वडिलांची झाली नाही, एवढाच फरक असेल तर त्याला विश्वास म्हणता येणार नाही, नशीब म्हणावे लागेल. असला विश्वास आपल्या मंडळ्यांतही कमी नाही. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मंडळीला दिला म्हणून नोकरी लागली, चाळीस दिवस उपास केला म्हणून घरचा कागद सुटला, अशा साक्षी ऐकताना अनंतशास्त्र्यांची विकलेली भांडी आठवतात. ज्यांनी दशांश दिला आणि नोकरी गेली, ते साक्ष द्यायला उभे राहत नाहीत.

मला फरक दिसतो तो असा. अनंतशास्त्र्यांच्या मार्गात विश्वास ठेवणे आणि हात हलवणे यांत विरोध होता. मजुरीला जाणे म्हणजे हरणे होते. रमाबाईंच्या मार्गात प्रार्थना संपली की बैलगाडी जुंपली जात असे. दुसरे, वडिलांच्या मार्गात हिशेब चुकला की सगळा मार्गच कोसळणार होता. रमाबाईंनी आणलेल्या मुली मेल्या, त्यांनी त्यांना पुरले, आणि देवाने शब्द मोडला असे म्हटले नाही, कारण कोणत्या मुली वाचतील असा शब्द त्यांनी त्याच्याकडून घेतलेलाच नव्हता. त्या मुली का मेल्या याचे उत्तरही त्यांनी कधी दिले नाही. लोणावळ्याची ती संख्या या दृष्टीने मला थोडी सीमेवरची वाटते, हेही लिहून ठेवतो. तिचे अनुकरण करणाऱ्यांनी संख्या घेतली आणि त्यामागचा मध्य प्रांतातला प्रवास सोडून दिला, हा दोष मात्र रमाबाईंचा नाही.

आणि एक गोष्ट विशेष. आत्मसाक्ष लिहिताना रमाबाई पक्क्या ख्रिस्ती होत्या, जुन्या धर्माविषयी त्यांची भाषा अनेकदा कठोर आहे. तरी वडिलांच्या अखेरच्या शब्दांपाशी येऊन त्या म्हणतात की त्यांना अज्ञात असलेल्या देवाची सेवा ते सर्व मनाने आणि सर्व शक्तीने करीत होते. ज्या व्यवहारावरचा त्यांचा विश्वास उडाला त्या व्यवहारातल्या माणसाला त्यांनी खोटे ठरवले नाही, आणि त्यांनी ज्या हाती आपल्याला दिले तो हात कोणाचा, हे आपल्याला नंतर कळले असे त्या मानीत.

पुढची वर्षे

१९०५ साली केडगावला जागृती, म्हणजे विश्वासाची सामुदायिक लाट, झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आणि काही मिशनरींना हा गोंगाट अशोभनीय वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली: हिंदी मुलींनी प्रार्थना कशी करावी याचे नमुने पश्चिमेकडून यावेत असा आग्रह का? वीस वर्षांपूर्वीच्या चेल्टनहॅमच्या पत्रांचा आवाज इथे स्पष्ट ऐकू येतो. सिद्धांताच्या बाबतीत मात्र त्या वयाबरोबर अधिकाधिक कडक होत गेल्या. बायबलच्या प्रत्येक शब्दाचा अधिकार त्यांनी निरपवाद मानला, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, आणि बायबलची आधुनिक चिकित्सा करणाऱ्यांविषयी त्यांच्या मनात फारशी सहानुभूती उरली नाही. तरुणपणी ज्यांना संशयाचा हक्क हवा होता त्यांनी उतारवयात तो इतरांना किती दिला असता, असा प्रश्न अभ्यासकाने विचारायला हरकत नाही. या विषयात मला तरुण रमाबाई अधिक जवळच्या वाटतात.

मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. सदनाची शाळा, गुलबर्ग्याची शाळा, पत्रव्यवहार, पाहुणे, सर्व ती पाही, आणि मुक्तीची सूत्रे तिच्याकडे जायची हे गृहीत होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती मिरजेला वारली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हते, आणि त्या पहिल्या दुष्काळापासून सुरू झालेल्या कुटुंबातल्या मृत्यूंच्या मालिकेत आता त्यांच्याखेरीज कोणी उरले नव्हते. या वेळी त्यांनी कोणती नवी साक्ष लिहिली नाही. उरलेल्या महिन्यांत त्यांनी दोन कामे केली: आपल्या पश्चात मुक्ती कोणी चालवायची याची नवी व्यवस्था लावून दिली, आणि बायबलच्या भाषांतराचे मुद्रित तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून, बायकांनी खिळे जुळवून, १९२४ साली बाहेर पडले.